कुरकुर्‍या कारागीर

प्रत्येक लग्नघरात एक असा माणूस असतो, ज्याला कुणी काम सांगितलेलं नसतं आणि तरी सगळी कामं तोच करत असतो. करता करता येणार्‍याजाणार्‍याला सुनावतही असतो. ‘‘हे असलं माझ्याच्यानं व्हायचं नाही, आधीच सांगून ठेवतो,’’ असं म्हणत तो एका दमात चार खुर्च्या उचलतो. मांडवाचा खांब तिरका आहे हे त्याच्याच लक्षात येतं. पळालेल्या जनरेटरवाल्याला तोच हुडकून आणतो. फोटोच्या वेळी ‘मला कशाला’ म्हणत मागच्या रांगेत कुणाच्या तरी फेट्याआड उभा राहतो. वरपक्षाला तो उर्मट वाटतो, वधूपक्षाला तो नेमका कोण लागतो हे माहीत नसतं; पण तो नसता तर अक्षता वेळेवर पडल्या नसत्या, हे आचार्‍याला पक्कं ठाऊक असतं.

या जातीचा जगातला सगळ्यात महागडा नमुना हॉलिवूडमध्ये आहे. नाव हॅरिसन फोर्ड, जन्म १३ जुलै १९४२, गाव शिकागो. ‘स्टार वॉर्स’मधला हान सोलो हाच, चाबूकवाला इंडियाना जोन्स हाच, ‘ब्लेड रनर’मध्ये पावसात भिजत फिरणारा डेकार्ड हाच आणि ‘द फ्युजिटिव्ह’मध्ये बायकोच्या खुनाचा आळ डोक्यावर घेऊन पळणारा डॉक्टरही हाच. एका माणसाच्या वाट्याला एवढं आल्यावर त्यानं निदान थोडं खूश दिसावं, ही आपली माफक अपेक्षा. मुलाखतीत पाहावं तर हा गृहस्थ मुलाखतकारापेक्षा दाराकडे जास्त बघत असतो.

नटाला भूमिका घडवतात, असं म्हणायची पद्धत आहे. फोर्डच्या बाबतीत थोडं उलट झालं. त्याच्या एकेका भूमिकेत जे काही लक्षात राहिलं, ते बहुतेक वेळा ‘हे मी करणार नाही’ या वाक्यातून जन्माला आलं.

सुरुवातीपासून लक्षणं हीच होती. विस्कॉन्सिनमधल्या रिपन कॉलेजात त्याचा विषय तत्त्वज्ञान. शेवटी शेवटी त्यानं नाटकाचा वर्ग घेतला, तोही रंगदेवतेच्या सेवेसाठी वगैरे नव्हे. स्वभाव लाजाळू होता आणि गुण जरा सोपे मिळतील असा हिशेब होता. हिशेब काही जमला नाही. पदवी न घेताच तो बाहेर पडला. १९६४मध्ये लॉस एंजलिसला आला आणि कोलंबिया स्टुडिओत आठवड्याला १५० डॉलरच्या करारावर चिकटला. तिथल्या साहेबांना त्याचं नाव पसंत पडेना. ‘हॅरिसन फोर्ड’ म्हणे पोरसवदा नटाला फार भपकेबाज! दुसरं सुचव म्हणाले. यानं तोंडाची रेषही न हलवता ‘कर्ट अफेअर’ असं अचरट नाव सुचवलं. विषय तिथेच मिटला. पुढे दुसरी अडचण निघाली. मूकपटांच्या जमान्यात याच नावाचा एक नट होऊन गेला होता. मग काही दिवस पाट्यांवर ‘हॅरिसन जे. फोर्ड’ झळकला. या ‘जे’चा अर्थ काय? काहीच नाही. वडिलांचं नाव नाही, आजोबांचं नाही, नुसता ‘जे’.

पहिली भूमिका १९६६च्या ‘डेड हीट ऑन अ मेरी-गो-राउंड’मध्ये, हॉटेलातल्या निरोप्या पोर्‍याची. यायचं, गिर्‍हाइकाच्या नावाचा पुकारा करायचा, निरोप द्यायचा, जायचं. चित्रपट पाहून स्टुडिओच्या साहेबानं त्याला खोलीत बोलावलं आणि टोनी कर्टिसची गोष्ट ऐकवली. कर्टिस पहिल्यांदा पडद्यावर आला तेव्हा किराणा मालाची पिशवी घेऊन आला होता. पण बघताक्षणी कुणीही म्हणालं असतं, ‘हा स्टार आहे!’ तुझ्यात ती चीज नाही, असा गोष्टीचा मथितार्थ. फोर्डनं शांतपणे विचारलं, ‘‘हा किराणा पोचवणारा पोरगा आहे, असं वाटायला हवं होतं ना?’’

साहेबानं त्याला खोलीबाहेर घालवलं. पण फोर्डची अख्खी अभिनयशाळा त्या एका प्रश्नात आहे. निरोप्या असेल तर निरोप द्यावा. किराणा असेल तर किराणा पोचवावा. चेहर्‍याभोवती तेजोवलय लावून दारात उभं राहिलं तर त्या घरचा चहा कधी व्हायचा? रॉबर्ट डी नीरो, डस्टिन हॉफमन हे त्याच पिढीतले नट भूमिकेच्या अंतरंगात बुडी मारत होते, तेव्हा हा माणूस स्वतःला ‘गोष्ट सांगणार्‍याचा मदतनीस’ म्हणवून घ्यायचा. अजूनही म्हणवतो.

कामं मिळायची ती टीव्ही मालिकांत, दुय्यम गुंडाची किंवा तिय्यम गुराख्याची. हॉलिवूडच्या टेकड्यांत एक मोडकं घर घेतलं होतं, ते दुरुस्त करायला पैसे नव्हते. फोर्डनं वाचनालयातून सुतारकामाची पुस्तकं आणली, हत्यारं घेतली आणि पान उलटत, लाकूड तासत तो सुतार झाला. पुढे ब्राझिलियन संगीतकार सेर्जियो मेंडिस यानं त्याला घरामागे ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ बांधायला दिला. एवढं मोठं काम याआधी कधी केलंय का, हे मेंडिसनं विचारलं नाही आणि फोर्डनंही आपण होऊन सांगितलं नाही. जोन डिडियन आणि जॉन ग्रेगरी डन या लेखक दांपत्याच्या मालिबूच्या घरीही तो कामाला होता. अमेरिकन गद्यातली एक धारदार लेखिका आत लिहीत बसलेली आणि बाहेर फोर्ड रंधा मारतोय, असं ते घर. दोन मुलांच्या बापाला या धंद्यानं जेवू घातलं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मिळेल ती भूमिका घेण्याची लाचारी संपली. कुरकुर करायची तर हाताला दुसरा धंदा असावा लागतो. नुसत्या स्वाभिमानावर कुरकुरणारा माणूस महिनाअखेरीला गोड बोलू लागतो.

जॉर्ज लुकासच्या १९७३च्या ‘अमेरिकन ग्राफिटी’त बॉब फाल्फा नावाच्या गाडीबाज पोराचं काम आलं. पैसे ऐकून फोर्डनं तोंड वाकडं केलं, कारण सुतारकीत जास्त सुटत होते. पुढे कथेचा काळ १९६२चा, तेव्हा केस बारीक कापायला हवेत, अशी मागणी आली. हे काम संपल्यावर दुसरीकडे काम मागायला जायचं, तर डोक्यावर केस नकोत? त्यानं साफ नकार दिला आणि काउबॉय टोपी घालू का, असं विचारलं. टोपी मंजूर झाली. आज तो चित्रपट आठवणार्‍याला फाल्फा म्हणजे काळी शेवरले आणि ती टोपी आठवते. आपल्या नटाची पहिली ठसठशीत भूमिका केशकर्तनालय चुकवण्यातून उभी राहिली.

यानंतरची गोष्ट हॉलिवूडच्या पुराणात गेलेली आहे, पण पुराणातल्या गोष्टींसारखी ती खोटी नाही. फ्रान्सिस फोर्ड कपोलाच्या कचेरीत दर्शनी दाराचं काम फोर्डकडे होतं. तो कमरेला हत्यारं बांधून चौकट बसवत असताना लुकास तिथे ‘स्टार वॉर्स’साठी नट निवडायला आला. बरोबर ‘अमेरिकन ग्राफिटी’तलाच जुना सहकारी रिचर्ड ड्रायफस. एके काळच्या सहनटासमोर आपण भुशानं माखून उभे आहोत, याचा फोर्डला चांगलाच संकोच झाला. लुकासचं ठरलेलं होतं की आधीच्या चित्रपटातलं कुणी घ्यायचं नाही. मात्र परीक्षेला येणार्‍या उमेदवारांसमोर संवाद वाचायला कुणीतरी हवं होतं आणि सुतार समोरच होता. फोर्ड वाचत राहिला. राजकन्या व्हायला आलेल्या मुली बदलत होत्या, नायक व्हायला आलेली मुलं बदलत होती, वैताग तेवढा याच्याच आवाजात मुक्कामाला होता. शेवटी लुकासच्या कानांना त्या वैतागाची सवय झाली असावी. पैशांसाठी माल वाहणारा, कुणावर विश्वास नसलेला, जगाला कंटाळलेला हान सोलो त्याला समोरच दिसत होता, आणि तो फुकटात वाचून दाखवत होता.

‘स्टार वॉर्स’ २५ मे १९७७ला आला. चित्रीकरणाच्या वेळी अंतराळातले जडजंबाल संवाद पाहून फोर्डनं दिग्दर्शकाला सुनावलं, ‘‘जॉर्ज, असली घाण टाइप करता येते, तोंडानं म्हणता येत नाही!’’ बाकीचे नट आकाशगंगेच्या भवितव्याबद्दल बोलत होते, त्या वेळी हा आपलं यान बंद पडल्याबद्दल बोलत होता. प्रेक्षक कुणाच्या बाजूला गेले हे वेगळं सांगायला नको. आकाशगंगा कुणी पाहिली आहे? गाडी बंद पडलेली सगळ्यांनी पाहिली आहे.

त्याच्या कुरकुरीची परमावधी १९८०च्या ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मध्ये झाली. हान सोलोला कार्बनाइटमध्ये गोठवायला नेतायत. मरणार की जगणार कुणालाच ठाऊक नाही. राजकन्या लेया म्हणते, ‘‘माझं तुझ्यावर प्रेम आहे.’’ पटकथेत यावर हानला साजेसं, पण शब्दांनी भरलेलं उत्तर होतं. फोर्डला ते पटेना. हा माणूस असं बोलणार नाही, एवढाच त्याचा हेका. दिग्दर्शक अर्विन कर्शनरबरोबर बराच खल झाला आणि शेवटी उत्तर उरलं ते असं : ‘‘ठाऊक आहे.’’ जगातल्या कितीतरी नवर्‍यांनी त्यानंतर हे उत्तर घरी देऊन पाहिलं असेल. सगळ्यांनाच काही गोठवायला नेत नसल्यामुळे ते तितकंसं चालत नाही.

पुढच्या भागाच्या वेळी फोर्डनं नवीच मागणी केली : हानला मारा. याला आई नाही, बाप नाही, स्वतःची म्हणावी अशी गोष्ट नाही; निदान मेला तर गोष्टीला वजन येईल. आपल्याच भूमिकेचा मृत्यू मागणारा नट विरळा. लोक मरणाच्या प्रसंगात दोन संवाद वाढवून मागतात, हा प्रसंगच मागत होता. लुकास बधला नाही. मेलेल्या हानच्या खेळण्यांना गिर्‍हाईक नाही असं जॉर्जला वाटलं असावं, अशी त्यावर फोर्डची टिप्पणी. १९८३चा ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ हान सोलो जिवंत असताना संपला आणि फोर्डला बत्तीस वर्षं थांबावं लागलं. २०१५च्या ‘द फोर्स अवेकन्स’मध्ये अखेर पोटच्या पोरानं हानला संपवलं. तेवढ्यानंही सुटका झाली नाही. हान आता भूत झालाय का, असं पुढे एका पत्रकारानं विचारलं. असलं भूत काय असतं ते मला माहीत नाही आणि त्याच्याशी मला कर्तव्यही नाही, असं उत्तर मिळालं.

याच ‘द फोर्स अवेकन्स’च्या चित्रीकरणात, जून २०१४मध्ये, इंग्लंडच्या पाइनवूड स्टुडिओत मिलेनियम फाल्कन यानाचं यांत्रिक दार अंगावर येऊन फोर्डचा पाय मोडला. निर्मिती कंपनीला न्यायालयानं १६ लाख पौंडांचा दंड केला. कपोलाच्या कचेरीतल्या दारापासून ज्याचं नशीब उघडलं, त्याला चाळीसेक वर्षांनी दारानंच आडवं केलं. ते दार त्यानं स्वतः बसवलं असतं तर ही वेळ आली नसती, असं जगभरच्या सुतारांचं मत पडलं असेल.

इंडियाना जोन्सच्या वेळीही तो पहिली पसंती नव्हता. एकाच नटाला सारखं घेऊ नये, म्हणून लुकास पुन्हा त्याला टाळत होता. टॉम सेलेक जवळजवळ नक्की झाला होता, पण ‘मॅग्नम, पी.आय.’ या मालिकेच्या करारानं त्याला सोडलं नाही. मग पुन्हा सुतार. १९८१च्या ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’चं चित्रीकरण ट्युनिशियात चाललं असताना बहुतेक मंडळींची पोटं बिघडली. दिग्दर्शक स्टीवन स्पीलबर्ग बरोबर आणलेलं डबाबंद अन्न खाऊन वाचला. फोर्डला हगवण लागली होती. त्या दिवशी चाबूक विरुद्ध तलवार असा भलामोठा द्वंद्वाचा प्रसंग होता. काळ्या कपड्यातल्या तलवारबाजानं त्याचा कसून सराव केला होता. एकेका शॉटनंतर कुठे धाव घ्यावी लागेल, हे नायकालाच सांगता येत नव्हतं. तेव्हा त्यानं दिग्दर्शकाला सुचवलं, ‘याला सरळ गोळी घालू या का?’ कॅमेरा चालू झाला. तलवारबाजानं तलवार गरागरा फिरवली, जोन्सनं कंटाळून त्याच्याकडे पाहिलं, पिस्तूल काढलं आणि विषय संपवला. चित्रपटगृहात हशा आणि टाळ्या. साहसपटांच्या इतिहासातला एक अजोड क्षण असा पोटाच्या तक्रारीवर उभा आहे.

इथे या जातीच्या माणसाचं मर्म सापडतं. हसत हसत सापांच्या खड्ड्यात उडी मारणारा नायक पाहिला की आपल्याला वाटतं, याला साप काय असतो हे कळलेलं नाही. ‘‘साप! सापच का असायला हवे होते?’’ असं म्हणून मग खाली उतरणारा जोन्स मात्र आपल्याला आपला वाटतो. त्यानं धोक्याचं माप घेतलेलं असतं. कुरकुर ही त्या मापाची पावती. बिनतक्रार होकार देणार्‍यानं काम नीट पाहिलेलंच नसतं, हे घराचं बांधकाम काढलेल्या प्रत्येकाला अनुभवानं माहीत असतं.

दुसरा जोन्सपट, १९८४चा ‘टेम्पल ऑफ डूम’, घडतो आपल्याकडे. भारत सरकारनं पटकथा वाचली आणि बदल सुचवले. मंडळी श्रीलंकेला निघून गेली. एका परीनं बरंच झालं, कारण त्या राजवाड्यातल्या जेवणावळीत माकडाचा मेंदू वाढतात आणि साप फाडून त्यातून जिवंत पिल्लं काढतात. असा पाहुणचार आपल्याकडच्या कुठल्या संस्थानात होता याचा शोध लागलेला नाही. त्यात खलनायक मोला राम म्हणजे आपले अमरीश पुरी. मुंबईत कर्मचारी राज्य विमा महामंडळात वर्षानुवर्षं नोकरी आणि संध्याकाळी सत्यदेव दुबेंकडे नाटक, ‘शांतता! कोर्ट चालू आहे’च्या १९७१मधल्या मराठी चित्रपटातही भूमिका, अशा वाटेनं आलेला हा माणूस. सरकारी कचेरीतला अनुभव गाठीशी असलेल्या नटासमोर फोर्डची कुरकुर फिकी पडली तर नवल नाही. पुरी छातीत हात घालून काळीज काढतायत आणि फोर्ड त्याकडे ‘आता हेही बघायचं का’ अशा नजरेनं पाहतोय, हे दृश्य दोन परंपरांची गाठ म्हणून पाहण्यासारखं आहे. त्याच चित्रपटात फोर्डच्या मणक्यानं दगा दिला. हत्तीवर बसण्यानं कंबर कामातून गेली होती, मारामारीच्या एका प्रसंगानं उरलंसुरलं पुरं केलं. त्याला उपचाराला लॉस एंजलिसला न्यावं लागलं आणि स्टंटमन विक आर्मस्ट्राँगला घेऊन स्पीलबर्गनं चित्रीकरण पुढे रेटलं. पाठ दुखली फोर्डची, पडद्यावर पाठ दिसली आर्मस्ट्राँगची.

कुरकूर दर वेळी जिंकते असं नाही. १९८२चा ‘ब्लेड रनर’ हा तिचा दणदणीत पराभव. रात्र रात्र कृत्रिम पावसात चित्रीकरण, दिग्दर्शक रिडली स्कॉटशी खटके, आणि आपण असा गुप्तहेर करतोय जो हेरगिरीच करत नाही, ही फोर्डची तक्रार. चित्रपट पूर्ण झाल्यावर निर्मात्यांना वाटलं, प्रेक्षकाला काही कळणार नाही. डेकार्डच्या आवाजात सगळं समजावून सांगा. फोर्डचा कडाडून विरोध होता, पण करारात बांधला गेला होता. त्यानं निवेदन वाचलं. ते इतकं निर्जीव झालं की मुद्दाम तसं वाचलं, अशी वदंता पसरली. फोर्डनं ती नाकारली आहे. त्याचं म्हणणं, समोर होतं ते वाचलं. चित्रपट आपटला. दहा वर्षांनी, १९९२मध्ये, निवेदन काढून टाकलेली आवृत्ती आली आणि तोच चित्रपट अभिजात ठरला. अशा माणसांचं म्हणणं बरोबर होतं हे लोकांना पटतं जरूर. मांडव उठल्यावर पटतं.

कुरकुरीला जागाच उरली नाही अशी एकच भूमिका त्याला मिळाली. पीटर वीअरचा ‘विटनेस’, १९८५. फिलाडेल्फियाचा पोलीस जॉन बुक जीव वाचवायला पेनसिल्वेनियातल्या आमिश वस्तीत लपतो. त्या लोकांत वीज नाही, मोटार नाही, भपका नाही. शेजार्‍याचं धान्याचं कोठार उभं करायला अख्खी वस्ती जमते, तेव्हा बुकही कमरेला पट्टा बांधून कामाला लागतो. फोर्ड इथे अभिनय करत नाही. लाकूड धरतो, ठोकतो, सांधा बघतो, समोर आलेलं लिंबूसरबत एका घोटात संपवतो. भांडायला ना लांबलचक संवाद, ना शत्रू. अकादमीनं नेमक्या याच भूमिकेसाठी त्याला ऑस्करचं नामांकन दिलं, आयुष्यातलं एकमेव. पुतळा विल्यम हर्टनं नेला.

त्याच्या हनुवटीवरच्या व्रणाचीही एक कहाणी आहे, किंबहुना तीन. खरी कहाणी साधी : तरुणपणी गाडी चालवताना सीटचा पट्टा शोधायला हात गेला आणि गाडी खांबावर गेली. ‘इंडियाना जोन्स अँड द लास्ट क्रुसेड’मध्ये, १९८९ साली, तो व्रण पोरगेलेशा इंडीला चाबूक शिकताना सिंहासमोर झाल्याचं दाखवलं. त्याच्या आदल्याच वर्षी ‘वर्किंग गर्ल’मध्ये त्याचं कारण दिलं गेलं ते असं : कॉलेजातल्या मैत्रिणीनं कान टोचायला घेतला, सुई आरपार गेल्याचा आवाज ऐकून नायकाला भोवळ आली आणि हनुवटी संडासाच्या भांड्यावर आपटली. दुसरा नट असता तर व्रण झाकायला मेकअपवाला ठेवता. यानं व्रणाला काम मिळवून दिलं, वर दोन वेगवेगळ्या पटकथा.

‘द फ्युजिटिव्ह’, १९९३. पळताना फोर्डच्या पायाचा अस्थिबंध दुखावला. शस्त्रक्रिया लगेच करून टाकावी की नाही? यानं ती चित्रपट संपेपर्यंत पुढे ढकलली. कारण काय, तर डॉक्टर किंबल आता लंगडतो, मग शेवटपर्यंत लंगडलाच पाहिजे. संवादातला एक शब्द फुकट बोलायला तयार नसलेला माणूस पाय फुकट वापरू देतो! धरणाच्या भुयारात किंबल ओरडतो, ‘‘मी माझ्या बायकोला मारलं नाही!’’ समोरून टॉमी ली जोन्सचा मार्शल म्हणतो, ‘‘मला काय त्याचं!’’ हे वाक्य स्वभावानं फोर्डचं. पटकथेनं ते दुसर्‍याला दिलं आणि त्याच्यामागोमाग सहायक अभिनेत्याचं ऑस्करही तिकडेच गेलं.

१९९७च्या ‘एअर फोर्स वन’मध्ये तो अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला आणि अतिरेक्याला म्हणाला, ‘‘माझ्या विमानातून चालता हो!’’ पडद्याबाहेर विमानांशी त्याचं इतकं चांगलं जमत नाही. तो स्वतः वैमानिक आहे. मार्च २०१५मध्ये इंजिन बंद पडल्यावर त्यानं एक जुनं युद्धकालीन प्रशिक्षण विमान लॉस एंजलिसच्या गोल्फच्या मैदानावर उतरवलं. जबर जखमी झाला, पण विमान वस्तीवर जाऊ दिलं नाही. दोन वर्षांनी तो धावपट्टीऐवजी शेजारच्या टॅक्सीवेवर उतरला, तेही उभ्या असलेल्या प्रवासी विमानाच्या डोक्यावरून. मग नियंत्रण कक्षाला फोन केला आणि ‘टॅक्सीवेवर उतरलेला तो बावळट मीच’ अशी ओळख करून दिली. नामवंत माणूस अशा वेळी वकिलाला पुढे करतो. याची कुरकुर स्वतःलाही सोडत नाही, हा तिचा प्रामाणिकपणा.

वायोमिंगमधल्या त्याच्या रँचच्या आसपास डोंगरात कुणी अडकलं तर तो हेलिकॉप्टर घेऊन शोधायलाही जात असे. २०००च्या उन्हाळ्यात अशीच एक आजारी पडलेली गिर्यारोहक तरुणी त्यानं खाली आणली. तिला वाटेत ओकारी झाली. इंडियाना जोन्सनं आपल्याला वाचवलं हा आनंद मोठा, की त्याच्या हेलिकॉप्टरमध्ये ओकलो ही शरम मोठी, असा पेच जगात फार थोड्या जणांना पडला असेल.

निसर्गरक्षणाच्या कामात तो अनेक वर्षं आहे. त्याची कृतज्ञता म्हणून शास्त्रज्ञांनी त्याचं नाव आधी एका कोळ्याला दिलं, पुढे एका मुंगीला, आणि २०२३मध्ये पेरूच्या डोंगरात सापडलेल्या एका सापाला. इंडियाना जोन्सच्या नावानं साप! पोरं घाबरतील असेच प्राणी माझ्या वाट्याला का येतात, घरी तर मी तुळशीच्या कुळातल्या रोपांना अंगाईगीतं गातो, असं गार्‍हाणं त्यानं मांडलं. सापानं काही म्हटल्याची नोंद नाही.

२०२५मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, ‘कॅप्टन अमेरिका : ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’मध्ये फोर्ड लालभडक हल्क झाला. थॅडियस रॉसची ती भूमिका आधी विल्यम हर्ट करायचा, तोच, ज्यानं ‘विटनेस’च्या वर्षी ऑस्कर नेलं होतं. हर्टच्या निधनानंतर ती फोर्डकडे आली. संगणकाच्या साह्यानं राक्षस व्हायला नटाला काय लागतं, असं त्याला विचारलं होतं. फिकीर न करणं लागतं, पैशांसाठी येडं बनणं लागतं आणि ते मी पूर्वीही केलेलं आहे, असा त्याच्या उत्तराचा आशय होता. पन्नास वर्षांपूर्वी मजुरीचे दर विचारून भूमिका घेणारा माणूस आता निदान हातचं राखून बोलेल, ही आशा कुणी धरली असेल तर ती चूक त्याची.

एवढं सगळं पाहून हा माणूस आतून कोरडा असेल असं वाटेल. मे २०२३मध्ये कान महोत्सवात ‘इंडियाना जोन्स अँड द डायल ऑफ डेस्टिनी’च्या पहिल्या खेळाआधी त्याला अचानक मानद पाम दोर पुरस्कार देण्यात आला. ऐंशी वर्षांचा फोर्ड रंगमंचावर उभा, आधी त्याच्या भूमिकांची झलक दाखवलेली, सभागृह टाळ्या वाजवायचं थांबेना. त्याचा गळा दाटला, डोळे भरले, तुमच्यामुळे आयुष्याला अर्थ मिळाला असं काहीसं तो बोलून गेला. अशा जातीच्या माणसाला जाहीर कौतुक म्हणजे शिक्षा. त्यानं स्वतःला सावरलं आणि सुटकेचा मार्ग काढला. तुम्हाला एक सिनेमा बघायचाय, तो माझ्या पाठीमागेच आहे, तेव्हा मी मधून बाजूला होतो, असं म्हणून तो खरोखरच बाजूला झाला. दिवे गेले. पुढचे अडीच तास पडद्यावर कोण होतं? तोच, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत कुरकुरत.